ज्येष्ठेचा वर्णपट

चांदे, ता. मुळशी
गुरुवार, २५ मे २०२३

ती. गोजराअक्कांना,
कौसल्येचा नमस्कार.

तुम्ही परवा फोनवर एक प्रश्न विचारलात आणि मी उत्तर न देता फोन ठेवला. म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. पाकिटावर तुमच्या नावाआधी ‘गं. भा.’ लिहिलेलं नाही. ती अक्षरं मला कधीच आवडली नाहीत. आत अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा लावून स्वतः वाचा. नातवाकडून, निरंजनकडून, वाचून घेऊ नका, त्याच्याच लग्नाचा विषय आहे.

इकडे ठीक आहे. तुमच्या धाकट्या दिरांचा गुडघा धरतो, पण सकाळचं फिरणं सोडलेलं नाही. विहिरीला पाणी बेताचं. समोरच्या तुकड्यात आणखी एक इमारत उभी राहतेय, दिवसभर घरात धूळ. आंबा यंदा बरा आलाय. कुणी कासारसाईला निघालं की पाठवते.

आता प्रश्न.

माझ्या भावाने, जयसिंगने, त्याच्या नातीची पत्रिका तुमच्याकडे दिली. सृष्टीचा जन्म सकाळचा, नक्षत्र अनुराधा, असं तीत लिहिलंय. तुमच्या निरंजनशी जुळत होतं. मुलांनी एकमेकांना आधीच पसंत केलंय, मोठ्यांनी फक्त मान हलवायची होती. मग तुमचा फोन आला.

“कौसे, तुज्या भावानं मला येडी समजलंय का? त्या दिशी सकाळी सोनाली माज्या चुलीम्होरं बसून बोंबलाची चटणी खात हुती. धा येळा सांगितलं, बाई, नववा म्हैना हाय, तिखट खाऊ नगं. आन म्हनं पोरगी सकाळी झाली! मंग ती चटणी कुनी खाल्ली, दाईनं?”

जयसिंगच्या सुनेचं, सोनालीचं, माहेर कासारसाई आहे आणि पहिलं बाळंतपण माहेरी होतं, एवढं तरी खोटी वेळ सांगणाऱ्याने आठवायला हवं होतं. गावाला घड्याळ लागत नाही. कोण कुणाच्या चुलीपुढे बसून काय खात होतं, यावर सगळ्या वेळा पाठ असतात.

“खरी येळ सांग. दवाखान्यात तू हुतीस. तू खोटं बोलनार न्हाईस, येवढं मला ठावं हाय.”

सांगते. सृष्टी दिवेलागणीला झाली. मी व्हरांड्यात उभी होते, वॉर्डातले दिवे नुकतेच लागले होते. जुनं पंचांग काढून पाहिलंय. अनुराधा दुपारीच संपली होती. नक्षत्र ज्येष्ठा.

ज्येष्ठा म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. ज्येष्ठेवरची सून थोरल्या दिराच्या जिवावर येते म्हणतात. निरंजनचा थोरला भाऊ वाल्मीक. फोनच्या शेवटी तुम्ही म्हणालात, “एक थोरला दिला म्या. दुसरा न्हाई द्यायची.” त्यावर मला बोलता आलं नाही, म्हणून फोन ठेवला. राग आला म्हणून नव्हे.

जयसिंगला मी त्याच दिवशी बोलावून घेतलं.

“ताई, येवढं तेवढं सगळेच करतात,” तो म्हणाला. “गुरुजीच म्हणले, वेळ जरा अलीकडं घेऊ. पोरीचं भलं होतंय, त्यात तुझं काय जातंय?”

“पोरीला विचारलंस?”

“तिला काय इचारायचं? जन्मली तवा तिच्या हातात घड्याळ हुतं का?”

तेवढ्यात सृष्टी जिन्यावरून खाली आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती हिंजवडीत नोकरी करते, अधूनमधून माझ्याकडे राहायला येते. आजोबांशी भांडली नाही. मला म्हणाली, “आत्याआजी, खरी वेळ सांगून मोडलं तर मोडू दे. खोटी सांगून जमलं, तर मी जन्मभर त्या घरात वाल्मीकदादाला शिंक आली तरी घाबरायचं का?”

ती पोरगी तुमच्या घरात यायच्या लायकीची आहे. मी सहसा कुणाची स्तुती करत नाही, तुम्हाला माहीत आहे.

सोबत एक फोटो पाठवतेय. त्यात रंगांच्या दोन पट्ट्या आहेत. वरची अभिजित ताऱ्याची, खालची ज्येष्ठेची. दोन्ही माझ्या गच्चीवरून घेतल्यात, सृष्टीने आणि मी. उत्तरेला आता हिंजवडीच्या उजेडाने अभिजितसारखे ठळक तारे सोडले तर काही दिसत नाही, दक्षिणेला अजून थोडा अंधार शिल्लक आहे. ज्येष्ठा त्याच बाजूला उगवते. विंचवाच्या पोटातला तांबडा तारा. लहानपणी तुम्हीही पाहिला असेल.

दुर्बिणीपुढे एक काच लावायची. तिच्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेघा ओढलेल्या असतात. ताऱ्याचा उजेड तीतून गेला की फाकतो, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत. त्याला वर्णपट म्हणतात. इंद्रधनुष्य तुम्ही पाहिलंत, तसंच, पण एका ठिपक्याचं.

त्यात काय बघायचं ते सांगते. गॅसवर डाळ उतू गेली की निळा जाळ पिवळा धमक होतो. तो पिवळा डाळीचा नव्हे, मिठाचा. मिठातल्या एका धातूचा तो ठरलेला रंग आहे. चांद्यात मीठ जाळा, कासारसाईत जाळा, रंग तोच. प्रत्येक धातूचे, प्रत्येक वायूचे असे आपापले रंग असतात आणि ते दुसऱ्याचे रंग घेत नाहीत.

ताऱ्यात जरा उलटं होतं. आतून सगळ्या रंगांचा उजेड निघतो आणि बाहेरच्या थंड थरातून यावा लागतो. त्या थरात जो पदार्थ असेल तो आपला रंग वाटेत काढून घेतो. म्हणून पट्टीत त्या जागी काळी रेघ उरते. पंगतीत सगळी पानं वाढलेली असावीत आणि मधलंच एक रिकामं दिसावं, तसं. कोण आलेलं नाही ते विचारावं लागत नाही. रिकाम्या जागेवरून कळतं.

आमच्या घरच्या पंगतीत एक पान कित्येक वर्षं रिकामं असतं. हे इथे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं, खोडत नाही.

आता फोटो बघा. अभिजितच्या पट्टीत मोजक्या, ठळक काळ्या रेघा आहेत. तो खूप तापलेला तारा आहे, पांढरा. लोहाराकडे लोखंड आधी तांबडं होतं, मग पिवळं, आणि फार तापलं की पांढरं, तसंच. ज्येष्ठा तांबडी, म्हणजे त्या मानाने थंड. सृष्टी म्हणते, “बिचारी एवढी गार आहे आणि हिच्यावर आळ घरं जाळल्याचा.” थंड असल्यामुळे तिच्यात काही पदार्थ प्राणवायूला धरून राहू शकतात. म्हणून तिच्या पट्टीत असे रुंद काळे पट्टे दिसतात, एका बाजूला साडीच्या काठासारखे ठळक, दुसऱ्या बाजूला रंग गेल्यासारखे विरलेले. मी पेन्सिलीने खुणा केल्यात. ते टायटॅनियमचे आहेत. टायटॅनियम हा धातू आहे.

तो तुमच्या घरात आहे. वाल्मीक मोटारसायकलवरून पडला, तेव्हा त्याच्या हातात जी पट्टी बसवली ती टायटॅनियमची. तुम्हीच मला दवाखान्यात विचारलं होतंत, गंजणार नाही ना म्हणून. ज्येष्ठेच्या उजेडातले हे पट्टे आणि तुमच्या थोरल्या नातवाचं हाड धरून बसलेली पट्टी, दोन्ही ठिकाणी धातू एकच.

यावरून ज्येष्ठेने वाल्मीकला सांभाळलं, असा अर्थ काढू नका. तो तितकाच वेडेपणा होईल. त्याची पट्टी खाणीतल्या मातीतून आली, ताऱ्यातून नव्हे. मला एवढंच सांगायचंय की ज्येष्ठा कशाची आहे ते आपल्याला माहीत आहे. उजेडात ज्याची खूण उमटते ते मी पाहिलंय. लोखंड आहे, चुन्यातला धातू आहे, टायटॅनियम आहे. वैर असं काही दिसलं नाही. आणि आज आपल्याला दिसतो तो तिचा उजेड निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मसुद्धा व्हायचा होता. त्या उजेडाला कोण कुणाचा थोरला दीर, हे कसं कळणार?

इथे पत्र संपवता आलं असतं. मघाशी तेच करणार होते. हे म्हणाले, “एवढं तारेपुराण अक्का कशाला वाचतील? मुद्द्याचं लिही.” तेव्हा मुद्द्याचं लिहिते.

हैबतराव भाऊजी गेले, तेव्हा मला या घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. भाकरी थापायला तुम्ही शिकवलंत. माझ्या वाकड्या भाकऱ्या तुम्ही गपचूप स्वतःच्या ताटात घ्यायचात. भाऊजींना भात कापताना घोणस चावली आणि पुण्याला न्यायला वाहन मिळेपर्यंत सगळं संपलं. तेराव्याला सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “हिच्या नक्षत्रानं माझा थोरला नेला.” माझं नक्षत्र ज्येष्ठा. लग्नात कुणी पाहिलं नव्हतं, शिकलेली मुलगी म्हणून मामंजी खूश होते; सासूबाईंनी नंतर विचारून घेतलं होतं. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. मान वर केली नाहीत. पुढे लेकराला घेऊन माहेरी कासारसाईला गेलात, त्या राहिलात. लग्नाकार्यात आपण भेटतो, भाजीत मीठ किती यावर बोलतो, आणि आपापल्या गाडीत बसतो.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. शाळेत शिकवत असताना ग्रहणाच्या दिवशी मुलांना मैदानात उभं करून लाडू खायला घातले, पालक भांडायला आले तर त्यांनाही खायला घातले. नक्षत्राबिक्षत्रावर मी किती जणांना झापलंय त्याला गणती नाही.

आणि मनातून मी ते मानत होते. सासूबाईंचं वाक्य माझ्या आत बसून होतं. निवृत्तीनंतर दुर्बीण घेतली तेव्हा सगळे म्हणाले, बाईंना छंद लागला. नवशिक्याने आधी अभिजितचा वर्णपट घ्यायचा असतो, तो सोपा. मी पहिल्यांदा दुर्बीण लावली ती ज्येष्ठेकडे. झडती घ्यावी तशी तिची रेघ न् रेघ तपासली. तिची घेत होते की माझी, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तिच्यात भाऊजींचं काही सापडलं नाही. तरी तुमच्या दारात यायचं धाडस झालं नाही.

एकच विचारते. त्या दिवशी तुम्ही ते खरं मानलंत का?

उत्तर काहीही असो, माझ्या वाटणीचं सृष्टीच्या पदरात घालू नका. वाल्मीकला काही होणार नाही, अशी हमी मी देत नाही. कुणाच्या जिवाची हमी कुणी देऊ शकत नाही. गाडी हळू चालव म्हणावं. ज्येष्ठेपुरती हमी देते. तिला आपण कुणीच माहीत नाही.

खरी पत्रिका सोबत आहे. खोटी परत पाठवा किंवा फाडून टाका. लग्न मोडायचं असेल तर ती वाचून मोडा. निर्णय तुमचा.

तुमची धाकटी जाऊ,
कौसल्या


चांदे
रविवार, ११ जून २०२३

गोजराअक्का,

काल निघताना गाडीतून ओरडलात, “याद तूच लिही गं! जयसिंगाच्या हातची नगं, त्यो येळा बदलतो.” लग्नाची याद पुरुषांनी लिहायची असते, असं जयसिंग पुटपुटला. मी ऐकलं नाही. खाली लिहिलीय. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलंय, कासारसाईला जपून ठेवा.

त्याआधी काल गच्चीवर झालेलं बोलणंही लिहिते. नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, मी असं बोललेच नाही.

वाल्मीक तुम्हाला धरून जिना चढवत होता. म्हणाला, “कमाल हाय आज्जे तुझी. माझं मरण ठरवायला माझ्याच गाडीत बसून आलीस!” तुम्ही त्याच्या पाठीत धपाटा घातलात. सृष्टी हसली आणि लगेच ओठ मिटून घेतले. तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, “हास, हास. कुनी मेलं न्हाई अजून.”

मग दुर्बिणीला डोळा लावलात.

“येवढाच? ह्यो तर इस्तवातला निखारा हाय.”

सृष्टीने काच लावून रंग दाखवले, काळे पट्टे कुठले ते सांगितलं. तुम्ही वाल्मीकचा हात ओढून मनगटाच्या वर चाचपलात, कातडीखाली पट्टी लागते तिथे. मग सगळ्यांना खाली पाठवलंत आणि मला थांबवलंत.

“पत्रात इचारलंस, मानलं हुतं का. न्हाई. एक दीसबी न्हाई. त्यास्नी पायात कायतरी घाला म्हणून मी रोज वरडायची, ऐकत न्हवतं. घोणशीला काय ठावं, कुनाची भावजय कुठल्या नक्षत्रावर जलमली ती? मी माहेरी गेले ते तुज्या रागानं न्हाई गं. त्या घरात त्यांचा सदरा खुंटीला दिसायचा.”

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत?

“तू कवा आलीस इचारायला? मला वाटलं, शिकल्याली बाई. सासू येवढी बोलली आन आमी कुनीच तोंड उघडलं न्हाई, म्हणून हिनं आमा सगळ्यांवर राग धरला. आन खरंच, मी उघडाया पायजे हुतं.” मग माझ्याकडे बघून म्हणालात, “येवढी शिकलीस, आन तूच मानत बसलीस व्हय गं येडे?”

मी दुर्बिणीवर झाकण घातलं.

मग वाल्मीकचं काय, असं मी विचारलं. तुमचा तो जबाब मला शब्दाला शब्द ठेवायचाय. “मानणं निराळं, भेणं निराळं. मी मानत न्हाई. पर त्याची गाडी यीस्तवर मी दाराला कडी लावत न्हाई, त्ये भ्या तुज्या काचेतनं जायाचं न्हाई. मी काय करीन, भेत भेत अक्षता टाकीन. पर टाकीन.”

अक्का, वर्णपट वाचायला मी शिकले. मान खाली घालून बसलेलं माणूस वाचायला कुणी शिकवलं नाही, मीही शिकून घेतलं नाही. एवढंच. यापुढे महिन्यातून एकदा मी कासारसाईला येणार आहे. बोलावणं पाठवू नका, येणारच आहे.

तुमची
कौसी

॥ श्री ॥
याद, शनिवार, १० जून २०२३, मुक्काम चांदे

वधू: सृष्टी. जन्म दिवेलागणीचा, नक्षत्र ज्येष्ठा. दोन्हीकडच्या लोकांसमोर मोठ्याने वाचलं.

वर: निरंजन. थोरला भाऊ वाल्मीक हजर. त्याला मान्य.

वधूकडून पोचलं: खऱ्या वेळेची पत्रिका. आधीची जयसिंगने स्वतःच्या हाताने फाडली.

वराकडून पोचलं: हिरवी साडी, साखर, पानसुपारी.

हुंडा नाही. मानपान नाही. जयसिंगने मानाची टोपी मागितली, तेव्हा वाल्मीकने डोक्यावरची काढून दिली. पोचली.

ओटी: खण, नारळ, तांदूळ. भरायला सवाष्ण कोण, असं मंडळींत विचारलं गेलं. गोजराबाईंनी सूप पुढे ओढलं. भरली त्यांनी. आधी सृष्टीची, मग कौसल्येची.